ठाणे-नवी मुंबईत लॉन लावताना गवत सगळ्यात शेवटी आणा

जूनच्या पहिल्या सरी आल्या की नर्सऱ्यांमध्ये गर्दी होते. गवताचे चौकोन टेम्पोत चढतात आणि दोन दिवसांत अंगण हिरवंगार दिसायला लागतं. ऑगस्टमध्ये त्याच घरातून फोन येतो, "मधोमध पिवळं पडलंय, पायाखाली पचपच होतंय आणि मधूनच कसलं तरी चकचकीत, ताठ गवत वर आलंय. कुठलं खत टाकू?"

खताने यातलं काहीही सुटत नाही. पाणी तुंबतंय ते मातीच्या खाली आणि ताठ गवत म्हणजे लव्हाळा, तो मातीतूनच आलेला असतो. दोन्हींचा बंदोबस्त लॉन अंथरण्याआधीच होऊ शकतो. नंतर करायचा तर सगळं उपटावं लागतं. ऐरोलीतल्या माझ्या 300 चौरस फुटांच्या अंगणात मी हे दोनदा उपटलं आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे.

आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यामुळे माझं वेळापत्रक असं आहे: मार्च-एप्रिलमध्ये जागेची पाहणी, एप्रिल-मे मध्ये खोदाई आणि लव्हाळ्याचा नायनाट, मे मध्येच माती आणून झाकून ठेवणं, जून-जुलैच्या पावसात निचऱ्याची खरी परीक्षा, ऑगस्टअखेर माती भरणं आणि सप्टेंबरमध्ये गवत. सप्टेंबरात लावलेल्या गवताला परतीचा हलका पाऊस मिळतो आणि पाठोपाठ ऑक्टोबरची उष्णता. आपली लॉनची गवतं उष्ण हवामानातली असल्याने ती याच दिवसांत झपाट्याने पसरतात. जूनमध्ये लावलेलं गवत मुळं धरायच्या आत जुलैच्या झडीत सापडतं.

1. ऊन मोजा, पण फक्त मे महिन्यातलं नको

मोकळ्या अंगणात हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. उंच इमारतींच्या मध्ये राहत असाल, तर मात्र इथेच बहुतेक जण फसतात.

आपल्या अक्षांशावर मे च्या मध्यावर आणि जुलैअखेर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तो थोडा उत्तरेकडे असतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तर बाजूच्या अंगणातही मे-जूनमध्ये छान ऊन दिसतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारी इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. म्हणजे तुमच्या दक्षिणेला 30 फुटी इमारत असेल, तर त्या दिवसांत उत्तरेचं 27-28 फूट अंगण दुपारीही सावलीत राहणार.

सकाळी 8 ते संध्याकाळी 5 दर तासाला अंगणाचा फोटो काढा आणि थेट ऊन किती तास पडतं ते मोजा. मग दक्षिणेकडच्या भिंती आणि इमारती लक्षात घेऊन हिवाळ्याचा अंदाज बांधा.

सहा तासांपेक्षा जास्त ऊन असेल तर सिलेक्शन वन नावाचं गवत चालेल. ती आपल्या हरळीचीच निवडलेली जात आहे, तुडवणं सोसते आणि लवकर भरून येते. चार-पाच तास असेल तर मेक्सिकन घ्या. ती हळू वाढते, दाट होते आणि कापायला कमी लागते. त्याहून कमी ऊन असेल तर रुंद पानांचं बफेलो गवत थोडं तग धरतं. तीन तासांहून कमी ऊन असलेल्या जागी लॉनचा हट्ट सोडा आणि तिथे फरशीच्या कडेने नेचे किंवा मनी प्लँट लावा. खाडीलगत बोअरचं पाणी मचूळ असेल तर पास्पलम या गवताच्या जातीची चौकशी करा. ती खारटपणा इतरांपेक्षा बरीच जास्त सोसते.

2. खड्डा खणा, पाणी ओता, घड्याळ बघा

नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभा आहे. अंगणात वर चार बोटं माती, खाली ठोकून बसवलेला मुरूम आणि त्याखाली काळी चिकण माती, असं अनेक ठिकाणी निघतं. ठाण्यात घोडबंदरच्या बाजूला डोंगर कापून सपाट केलेल्या जागी मुरुमाखाली थेट कातळही लागतो. वरून बघून यातलं काहीच कळत नाही.

अंगणात दोन-तीन ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरा आणि पूर्ण मुरू द्या. पहिल्यांदा कोरडी माती पाणी पिऊन घेते, म्हणून ती वेळ धरायची नाही. मग पुन्हा भरा, पट्टी उभी करा आणि तासाभराने बघा. पाणी एक इंच किंवा जास्त उतरलं तर निचरा ठीक आहे. अर्धा इंचही उतरलं नाही, तर पावसाळ्यात तिथे तळं होणार हे नक्की समजा.

सावध: एकाच खड्ड्यावर निकाल देऊ नका. माझ्याकडे गेटजवळचा खड्डा दोन तासांत रिकामा झाला होता आणि मागच्या भिंतीजवळच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी होतं. पहिल्या खेपेला मी फक्त गेटजवळ बघितलं होतं.

3. खोदाई आणि पाण्याची वाट

नऊ इंच ते एक फूट खोदा. टिकाव लागेल. बांधकामाच्या वेळी पुरलेला राडारोडा हमखास निघतो: टाइल्सचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, पीओपी, वायरी. सगळा बाहेर काढा, विशेषतः सिमेंट आणि चुना. त्याने माती अल्कधर्मी होते, मुळांना लोह मिळत नाही आणि गवत पिवळं पडतं. मग पुन्हा लोक युरिया टाकतात आणि पिवळेपणा तसाच राहतो.

निचरा ठीक असेल तर तळ टिकावाने मोकळा करून पुढच्या टप्प्यावर जा. निचरा नसेल तर दोन उपाय आहेत.

अंगणापेक्षा खालच्या पातळीवर गटार किंवा चेंबर असेल, तर त्या दिशेने उतार देत एक फूट खोल, नऊ इंच रुंद चर घ्या. चरात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं) अंथरा, दोन इंच खडी टाका, वर भोकं पाडलेला चार इंची पाइप ठेवा, पुन्हा खडी भरा आणि कापड वरून दुमडा. कापड न घालता खडी टाकली की दोन पावसांत मातीचा गाळ खडीत बसतो आणि चर मुका होतो. सोसायटीच्या चेंबरला पाइप जोडायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या.

खालच्या पातळीवर पाणी सोडायला जागाच नसेल, तर लॉन उचलून घ्या. कडेने विटांची किनार बांधून माती सहा इंच वर भरायची आणि किनारीत दर तीन-चार फुटांवर पाणी जाण्यासाठी भोक ठेवायचं. घराच्या जोत्यापेक्षा माती वर जाऊ देऊ नका, नाहीतर भिंतीला ओल धरेल.

टॉवरमधल्या पोडियमवर, म्हणजे जमिनीऐवजी स्लॅबवर, लॉन असेल तर: फावडं उचलण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. ओली माती घनमीटरला सुमारे 1,800 किलो भरते. म्हणजे एक फूट जाडीच्या थराचं वजन चौरस मीटरला साधारण 550 किलो होतं. स्लॅब तेवढ्या भाराला धरलेला आहे का, हे माळी सांगू शकत नाही. वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबवून घेतलेली चाचणी झाल्याशिवाय माती चढवू नका. त्यावर ड्रेन सेल (खालून पाणी वाहू देणारे प्लॅस्टिकचे जाळीदार चौकोन), मग जिओटेक्स्टाइल आणि मग माती असा क्रम ठेवा. आउटलेटच्या जाळीवर माती अजिबात टाकायची नाही. तिच्याभोवती चेंबर करून वर उघडणारं झाकण बसवा, म्हणजे जुलैत कचरा काढता येईल.

4. लव्हाळा: याला महिना-दीड महिना द्याच

या टप्प्याला लोक सर्वात कमी वेळ देतात आणि लॉन वाया जातं ते याच्यामुळेच. म्हणून जरा सविस्तर.

ओळख आधी करून घ्या. लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवला तर तिकोनी लागतो आणि पानं तीन दिशांना फुटतात. पान लॉनच्या गवतापेक्षा चकचकीत असतं आणि कापल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा सगळ्यांच्या वर मान काढतं. खणून बघितलं तर खाली शेंगदाण्याएवढी, काळपट, सुवासिक गाठ मिळते. औषधी नागरमोथा तो हाच.

या गाठी जमिनीत माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, बहुतेक वरच्या सहा इंचांत, काही एक फुटापर्यंत. माळेतल्या टोकाच्या गाठीला कोंब असतो तोवर मागच्या गाठी झोपून राहतात. वरचं रोप उपटलं की दांडा तुटतो, गाठी खालीच राहतात आणि मागच्या जाग्या होतात. लॉन लागल्यानंतर लव्हाळा उपटत बसलेल्या माणसाला तो वाढतच चालल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे.

हाच स्वभाव आपण आपल्या फायद्यासाठी वापरायचा.

पहिली फेरी एप्रिलच्या सुरुवातीला. खोदलेली माती मोकळी करून दाताळ्याने गाठी आणि मुळ्या वेचा. एवढं करूनही पुष्कळ गाठी राहतील. आता माळा तुटल्या आहेत. चार-पाच दिवस रोज पाणी शिंपडा. सात ते दहा दिवसांत हिरवे कोंब दिसतील आणि ते बघून आनंद माना, कारण प्रत्येक कोंब खालच्या एका गाठीचा पत्ता सांगतो.

मग खुरप्याने प्रत्येक कोंबाच्या बाजूने तिरकं खाली जाऊन गाठीसकट उचला. कोंब फुटल्यापासून तीन आठवड्यांच्या आत हे झालं पाहिजे. त्यानंतर रोप स्वतःच्या नव्या गाठी बनवायला लागतं आणि मेहनत फुकट जाते.

पुन्हा पाणी, पुन्हा दहा दिवस, पुन्हा वेचणी. अशा किमान तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला माझ्या अंगणात अकरा कोंब आले होते, पहिलीला घमेलंभर. जून-जुलैत पाऊस आपोआप पाणी देतो, तेव्हा दर दोन आठवड्यांनी उघडीप बघून आणखी वेचण्या होतात.

सावध: काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका. गच्चीवर पत्र्यावर पसरा आणि मे च्या उन्हात पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून तापवण्याचा उपाय इतर तणांच्या बियांवर चांगला चालतो, पण लव्हाळा त्याला पुरता बधत नाही आणि त्याचे टोकदार कोंब प्लॅस्टिक फोडून वर येतात. विटांची किनार शेजारच्या पडीक पट्टीच्या बाजूने जमिनीत फूटभर खोल न्या, नाहीतर तो तिकडून परत येतो.

5. माती: हिशोब, परीक्षा, साठवण

माती ब्रासवर मिळते आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 300 चौरस फूट अंगणात अर्धा फूट थर हवा, तर 150 घनफूट, म्हणजे दीड ब्रास. माती बसते म्हणून पाव हिस्सा जास्त धरा. एकूण दोन ब्रासच्या आतबाहेर साहित्य लागेल, त्यात खत आणि रेतीही आली. निम्मी लाल माती, पाव हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि पाव हिस्सा जाड रेती किंवा धुतलेली क्रश सँड (दगड दळून केलेली रेती), हे प्रमाण मला लागू पडलं. नुसती लाल माती पावसानंतर उन्हात विटेसारखी घट्ट होते.

माझं दुसरं लॉन गेलं ते विकतच्या मातीमुळे. जमीन स्वच्छ केली होती, पण आलेल्या ट्रकमध्येच लव्हाळा होता. म्हणून आता पैसे देण्याआधी एक गोणी नमुना मागते. तो चार-पाच कुंड्यांत भरायचा, रोज पाणी द्यायचं आणि बारा दिवस थांबायचं. तिकोनी दांड्याचा एक जरी कोंब दिसला तरी ती माती नाकारायची. पुरवठादार घाई करेल. तरी थांबा.

शेणखत मुठीत घेऊन बघा. भुरभुरीत, थंड आणि वास नसलेलं हवं. शेणाचा वास येत असेल किंवा ढीग आतून गरम असेल, तर ते कच्चं आहे. त्यात तणांच्या बिया जिवंत असतात आणि मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्याही असू शकतात. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड अळी दिसली तर गोणी परत करा. मी 300 फुटांना दहा किलो निंबोळी पेंड मिसळते.

माती मे मध्येच आणा. पावसात ट्रकमधून चिखल येतो आणि चिखल कालवता येत नाही. ढीग घराच्या भिंतीपासून दूर ठेवा, खाली-वर ताडपत्री घाला आणि दगडांनी दाबा.

6. ऑगस्टअखेर भरणी आणि उतार

जुलैच्या झडीत अंगणाकडे रोज बघितलं असेलच. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत पाणी उतरत असेल तरच पुढे जा. एखाद्या कोपऱ्यात तुंबत असेल तर ती चूक दुरुस्त करायची हीच शेवटची संधी.

दोन-तीन दिवसांची उघडीप धरून माती दोन थरांत भरा. पहिला तीन इंचांचा थर पायाने हलका दाबून पाणी द्या, मग दुसरा. उतार घरापासून बाहेरच्या दिशेला, दर दहा फुटांना दीड ते दोन इंच. गवंड्याचा लेव्हल पाइप वापरा आणि खुंट्यांना दोरी बांधा. डोळ्याने उतार काढणाऱ्यांच्या लॉनमध्ये पुढच्या जुलैत डबकी दिसतात आणि डबक्यात डास.

लांब फळी ओढून उंचवटे काढा. भरपूर पाणी देऊन आठवडाभर माती बसू द्या. जिथे खळगे पडतील तिथे पुन्हा भरा आणि फळी ओढा.

तपासा: अंगणात चालून बघा. टाच अर्ध्या इंचापर्यंत रुतली तर माती तयार आहे. पाय घोट्याकडे जायला लागला तर ती अजून बसलेली नाही. शेवटची पातळी फरशीपेक्षा एक इंच खाली हवी, कारण गवताच्या चौकोनाची जाडी त्यात येणार आहे.

7. सप्टेंबर: आता गवत

बुडखे (मुळांसकट गवताचे छोटे तुकडे) खोचून लावायचं की तयार चौकोन अंथरायचे, हे खिशावर आणि वेळेवर ठरवा. बुडखे चार-चार इंचांवर लावले तर 300 फुटांना 2,700 लागतील. काम कंटाळवाणं आहे, पण खर्च कमी, मुळं खोल आणि दोन-अडीच महिन्यांत जमीन भरते. प्रत्येक बुडख्याचं एखादं पेर मातीखाली गेलंच पाहिजे.

चौकोन घेणार असाल तर टेम्पो पहाटे मागवा आणि सगळे त्याच दिवशी अंथरा. एकावर एक रचलेलं गवत आतून तापतं आणि पिवळं पडतं. टेम्पो रिकामा करण्याआधी पाच-सहा चौकोन उलटे करून खालची माती बघा. तिथेही लव्हाळ्याच्या गाठी असतात.

सरळ कडेपासून सुरुवात करा. विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवत, कडा एकमेकींना घट्ट भिडवत चला. अंथरलेल्या गवतावर फळी टाकून फळीवर बसा. सांध्यात मातीचं मिश्रण भरा, हलका रोलर फिरवा आणि लगेच पाणी द्या. रोलर नसेल तर फळी ठेवून तिच्यावर चाला.

8. पहिले 40 दिवस

पहिले दोन आठवडे माती सतत ओलसर ठेवा. पाऊस नसेल त्या दिवशी सकाळी आणि दुपारी चारच्या सुमारास थोडं थोडं पाणी. पंधराव्या दिवशी एका चौकोनाचा कोपरा हलकेच उचलून बघा. उचलला गेला नाही तर मुळं धरली.

तिथून पुढे पाणी देण्याची सवय बदला. रोज थोडं थोडं दिलं की मुळं वरच राहतात आणि मार्चमध्ये लॉन कोमेजतं. आठवड्याला एकूण एक इंच पाणी, दोन-तीन वेळांत विभागून, सकाळी 9 च्या आत. 300 फुटांना हे आठवड्याला सुमारे 700 लिटर होतं. सरळ भिंतीचा रिकामा डबा लॉनवर ठेवून पाइप फिरवा, किती मिनिटांत किती पाणी साठतं ते एकदा मोजलं की पुरे. एप्रिल-मे मध्ये दीड इंच लागतं. आरओचं वाया जाणारं पाणी लॉनला नेहमी देऊ नका, त्यातले क्षार मातीत साचतात.

गवत दोन-अडीच इंच झालं की पहिली कापणी, तीही कोरड्या पानांवर आणि धारदार पात्याने. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पुढे दीड इंच उंची राखा.

खत पहिल्या कापणीनंतरच. दहा चौरस मीटरला 100 ग्रॅम युरिया, कोरड्या पानांवर एकसारखा फेकून लगेच भरपूर पाणी. ओल्या पानांवर पडला तर पानं भाजतात. पुढे फेब्रुवारीअखेर आणि ऑक्टोबरात. जुलैत नको, बराचसा गटारात जातो आणि उरलेल्याने बुरशीला आमंत्रण मिळतं.

9. पुढचा पावसाळा

मेअखेर कडा कापून घ्या, चराचं तोंड आणि चेंबर साफ करा. जुलैत वाटीएवढे तपकिरी गोल चट्टे दिसले तर ती बुरशी आहे. युरियासारखं नत्राचं खत पूर्ण थांबवा, कापलेलं गवत उचलून टाका आणि उघडीप मिळाली की ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) आळवणी करा, म्हणजे ती पाण्यात मिसळून मातीत ओता. गांडुळांचे मातीचे छोटे ढीग दिसतील, त्यांना हात लावू नका, वाळल्यावर झाडूने पसरवा.

सप्टेंबरमध्ये एखादा पट्टा वाळला, तर तो मुठीत धरून ओढा. चादरीसारखा सहज वर आला तर खाली हुमणीने मुळं खाल्ली आहेत. अळ्या वेचून काढा आणि संध्याकाळी ओल्या मातीत मेटारायझियमची (अळ्यांना मारणारी बुरशी) आळवणी द्या. पट्टा उचलला गेला नाही, तर माती दाबली गेली आहे. ऑक्टोबरात दाताळी फावड्याने दर चार इंचांवर तीन-चार इंच खोल भोकं पाडा आणि त्यात रेती सारा.

आणि लव्हाळ्याचा एखादा चुकार कोंब दिसला तर तो त्याच दिवशी, खुरप्याने, गाठीसकट काढा. आमच्याकडे खुरपं दाराच्या बाहेर खिळ्याला टांगलेलं असतं.